मारीच्या फाट्यावरून उत्तरेला

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाहून उलुरूकडे निघायचं तर नकाशावर दोन रेघा दिसतात. एक जाड आणि बरीचशी सरळ, तो स्टुअर्ट हायवे. पिम्बा, ग्लेंडॅम्बो, कूबर पीडी, मार्ला अशी ठिकाणं घेत उत्तरेला जायचं आणि एर्लडंडाला डावीकडे वळायचं. सुमारे 1300 किलोमीटर, पहिल्यापासून शेवटपर्यंत डांबरी. दुसरी रेघ बारीक. ती फ्लिंडर्सच्या डोंगरांच्या कडेकडेने मारी या गावापर्यंत जाते, तिथून ऊडनाडाटा ट्रॅक धरते आणि मार्लाला पुन्हा हायवेला मिळते. ही वाट दोन-सव्वादोनशे किलोमीटरनी लांबची, आणि त्यातला सुमारे 620 किलोमीटरचा ट्रॅक कच्चा. फोनला विचारलं की तो जाड रेघ निळी करतो आणि खाली तास-मिनिटं लिहून मोकळा होतो.

पुण्या-साताऱ्याकडून आलेले पाहुणे तो फोन माझ्यापुढे धरून विचारतात, "यातला कुठला घ्यायचा?" मी पोर्ट ऑगस्टाच्या रुग्णालयात नर्स आहे, नवरा रेल्वेच्या सिग्नलच्या कामावर. दोघांचंही या रस्त्यांवरून जाणं-येणं असतं, त्यामुळे प्रश्न आमच्याकडेच येतो. मग मी उलट विचारत सुटते. महिना कुठला? गाडी स्वतःची की भाड्याची? सोबत दुसरी गाडी आहे का? मोकळे दिवस किती? एवढं झालं की मी त्यांना फोन खाली ठेवायला लावते आणि या दोन रेघा मुळात जिथे आहेत तिथेच का आहेत ते सांगायला बसते. ते एकदा कळलं की वाट निवडायला मग फार वेळ लागत नाही.

मारीच्या आसपास खाऱ्या सरोवरांचा पट्टा आहे. 1840 मध्ये एडवर्ड एअर या शोधप्रवाशाने इथून उत्तरेला जायचा प्रयत्न केला. जिकडे वळावं तिकडे मीठ आणि त्याखाली चिखल. घोड्याच्या नालेच्या आकाराचं एकच अफाट सरोवर आपली वाट अडवून बसलंय, अशी त्याची समजूत झाली. ज्या टेकडीवरून त्याने पाठ फिरवली तिला त्याने नाव दिलं माउंट होपलेस. पण ज्यांचा हा मुलूख होता त्या अरबाना लोकांना यातून जाणारी वाट हजारो वर्षांपासून पाठ होती. मिठाच्या कडेकडेने झरे आहेत, पिण्याजोग्या पाण्याचे, एकावरून निघालं की दुसरा पायी गाठता येईल असे. याच झऱ्यांच्या आधाराने माणसं फ्लिंडर्समधल्या खाणीचा लाल गेरू आणायला शेकडो किलोमीटर चालत येत आणि परत जात.

1859 मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्ट या झऱ्यांच्या ओळीने पुढे सरकला. पुढच्या मोहिमांत त्याने ती ओळ लांबवत नेली आणि 1862 च्या जुलैत तो थेट उत्तर किनाऱ्यावर पोचला. त्याच्या मागोमाग तारायंत्राची लाइन आली. चार्ल्स टॉडच्या देखरेखीखाली 1872 मध्ये पूर्ण झालेली ही तार पोर्ट ऑगस्टाहून डार्विनपर्यंत सुमारे 3200 किलोमीटर धावत होती आणि तिने ऑस्ट्रेलिया पहिल्यांदा जगाशी जोडला. मग रेल्वे आली. मारीला 1880 च्या दशकात, ऊडनाडाटाला 1891 मध्ये, अॅलिस स्प्रिंग्जला 1929 मध्ये. तारेच्या ठाण्यावरच्या माणसांना पाणी हवं, उंटांना हवं, वाफेच्या इंजिनाला तर टाक्या भरून हवं. म्हणून प्रत्येकाने तीच ओळ धरली. आजचा ऊडनाडाटा ट्रॅक त्याच ओळीवर आहे. रुळांचा जुना भराव, कर्डिमर्कासारखी ओसाड स्टेशनं, दगडी ठाण्यांचे अवशेष वाटभर सोबत करतात.

मारी सोडल्यावर सव्वाशे-दीडशे किलोमीटरांच्या दरम्यान एक फाटा आत जातो. तिथे ब्लँच कप आणि बबलर हे दोन झरे आहेत. या वाटेवर माझ्यासोबत कुणीही असो, इथे मी गाडी थांबवतेच. सभोवती झाड नाही, सावली नाही, नुसता माळ. त्या माळावर एक उंचवटा. चढून गेलं की माथ्यावर काठोकाठ भरलेलं तळं आणि कडेने हिरवी लव्हाळी. पाण्यातले क्षार साचत साचत झऱ्याने स्वतःभोवती हा उंचवटा रचलेला असतो. बबलरच्या तळातून वाळू उसळते, विरते, पुन्हा उसळते. शेजारीच हॅमिल्टन हिल नावाची टेकडी आहे. तोही कधीकाळी असाच झरा होता, फार प्राचीन काळी आटलेला.

हे पाणी येतं ग्रेट आर्टेशियन बेसिनमधून. जमिनीखालचा हा साठा सुमारे 17 लाख चौरस किलोमीटरांवर पसरलेला आहे, महाराष्ट्राच्या साडेपाचपट. पूर्वेकडे क्वीन्सलंडच्या डोंगरांवर पडणारा पाऊस वालुकाश्माच्या थरात मुरतो. वर पाणी न झिरपणारे मातीचे थर असल्यामुळे ते तिथेच दाबाखाली कोंडून राहतं आणि वर्षाला काही मीटर अशा गतीने पश्चिमेकडे सरकतं. जिथे वरचा थर फाटलेला असतो तिथे ते झरा होऊन वर येतं. या साठ्यातल्या काही पाण्याचं वय दहा लाख वर्षांच्या घरात मोजलं गेलं आहे.

मी माण तालुक्यातली, दहिवडीकडची. टँकरपुढे हंडे लावलेले, आटलेल्या बोअरशेजारी दुसरा बोअर घेतलेला, हे सगळं पाहून वाढलेली. त्यामुळे या पाण्याचा पुढचा इतिहास मला पुस्तकातला वाटत नाही. 1878 मध्ये इथला पहिला वाहता बोअर लागला. त्यानंतर गुरांसाठी बोअरवर बोअर घेतले गेले आणि दाबामुळे पाणी आपोआप वर येतंय म्हणून कित्येक ठिकाणी ते तसंच उघड्या चरांमधून वाहू दिलं. बहुतेक पाणी हवेत उडून गेलं नाही तर जमिनीत जिरलं. दाब घटला, अनेक झरे आटले. 1999 पासून सरकारने असे बोअर बंद करण्याचा आणि चरांच्या जागी पाइप टाकण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि काही भागांत दाब पुन्हा वाढू लागला. तरी खाणी आणि गुरांचे तळ पाणी उपसतच असतात. बबलरच्या काठावर उभ्या राहिलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगते, कारण हे पाणी नसतं तर ही वाटच पडली नसती, आणि ते पुढेही वर येत राहायला हवं.

आता दुसरी बाजू. ज्या ओळीवर पाणी आहे तिच्यावरच पूर येतो. जुन्या रेल्वेचा भराव नद्यांनी कितीदा तरी वाहून नेला. गाड्या मधेच अडकत, उतारूंना दिवसेंदिवस तिथेच राहावं लागे. शेवटी 1980 मध्ये हा मार्ग बंद झाला आणि पुराचा त्रास कमी अशा जमिनीवरून, बराच पश्चिमेला, तार्कूला ते अॅलिस स्प्रिंग्ज नवा मार्ग टाकला गेला. डिझेलच्या इंजिनाला झऱ्यांची गरज उरली नव्हती. हायवेचंही तेच झालं. 1980 च्या दशकात त्याची आखणी नव्याने झाली आणि 1987 मध्ये तो पूर्ण डांबरी झाला. म्हणजे बारीक रेघ पाण्याला धरून चालते आणि जाड रेघ पाण्याला टाळून.

टाळून, पण पूर्णपणे नाही. 2022 च्या जानेवारीत या भागात असा पाऊस झाला की हायवे ग्लेंडॅम्बो आणि कूबर पीडीच्या मधे पाण्याखाली गेला, आणि रेल्वेचा पूर्व-पश्चिम मार्गही बऱ्याच ठिकाणी वाहून गेला. नॉर्दर्न टेरिटरीतली दुकानं रिकामी पडू लागली. कूबर पीडीला हवाई दलाच्या विमानाने अन्न पोचवावं लागलं. नवरा त्या दिवसांत घरी फक्त झोपायला येत होता.

कच्च्या रस्त्याला एवढा पाऊस लागत नाही. पाच-दहा मिलिमीटर पडला तरी इथली चिकणमाती निसरडी होते, चाकांना थापून बसते आणि गाडी जागची हलत नाही. म्हणून ट्रॅक बंद करतात. लिंडहर्स्ट, मारी, मार्ला अशा ठिकाणी मोठे फलक असतात, त्यांवर प्रत्येक रस्त्यापुढे उघडा किंवा बंद अशी पाटी. राज्याच्या रस्ते खात्याचा अहवाल रोज निघतो, तो आदल्या रात्री आणि सकाळी असा दोनदा पाहायचा. बंद रस्त्यावर गाडी घालणाऱ्याला जबर दंड आहे आणि तो योग्यच आहे. ओल्या रस्त्यावर एका गाडीने पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या घट्ट होतात आणि रस्ता सपाट करणारा ग्रेडर येईपर्यंत तिथल्या सगळ्यांना त्या सोसाव्या लागतात. इथली मुलं शाळेला आणि म्हातारी माणसं दवाखान्यात त्याच रस्त्याने जातात.

आकाश निरभ्र असलं म्हणून रस्ता उघडा असेल असंही नाही. मारीहून उजवीकडे बर्ड्सव्हिल ट्रॅक निघतो, बर्ड्सव्हिलपर्यंत 520 किलोमीटरांच्या आसपास. वाटेत कूपर क्रीक आडवी येते. एरवी तिचं पात्र कोरडं असतं. पण शेकडो किलोमीटर दूर क्वीन्सलंडमध्ये झालेला पाऊस कित्येक आठवड्यांनी इथे पूर होऊन पोचतो. 2010 नंतरच्या पुरांत गाड्या पलीकडे न्यायला तराफ्याची फेरी चालवावी लागली होती. हाही रस्ता पाण्यानेच आखलेला आहे बरं का. क्वीन्सलंडची गुरं चालवत मारीच्या रेल्वेपर्यंत आणायची तर त्यांना वाटेत पाणी हवं, म्हणून सरकारने टप्प्याटप्प्यावर बोअर घेतले.

या उन्हाळ्यानंतर माझा मोठा भाऊ आणि वहिनी पहिल्यांदाच आमच्याकडे येणार आहेत. दादा एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, सगळे घाट त्याच्या हाताखालून गेलेले. व्हिडिओ कॉलवर मी नकाशा दाखवला तसा म्हणाला, "अगं, सपाट तर आहे सगळं. यात अवघड काय?"

"सपाट आहे, तेच अवघड आहे दादा."

मग मी त्याला सांगितलं ते इथेही सांगते.

कच्च्या रस्त्यावर आडव्या लाटा पडतात, पन्हळी पत्र्यासारख्या. त्यांच्यावरून हळू गेलं तर हाडं खिळखिळी होतात. जरा वेग वाढवला की चाकं माथ्यांवरून तरंगत जातात आणि सगळं गुळगुळीत वाटायला लागतं. धोका इथेच असतो. तरंगणाऱ्या चाकांना जमिनीची पकड उरलेली नसते. चाक कडेच्या खडीत उतरतं, माणूस दचकून स्टिअरिंग ओढतो आणि गाडी उलटते. समोरून दुसरं कुणी आलेलं नसतं, वळण नसतं, तरी उलटते. आमच्या रुग्णालयात आउटबॅकमधून येणाऱ्या जखमींत हा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि त्यांतले पुष्कळजण चांगले, सरावलेले चालक असतात. म्हणून आमच्या घरचा नियम: ट्रॅकवर ताशी 80 च्या वर जायचं नाही, टायरमधली हवा डांबरी रस्त्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी करायची, आणि चाक कडेला गेलं तर ओढायचं नाही, पाय उचलायचा आणि गाडीला सावकाश परत येऊ द्यायचं. सूर्य मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. कुंपण नसलेल्या मुलखात गुरं आणि कांगारू संध्याकाळी रस्त्यावर येतात.

स्टेपन्या दोन हव्यात. ऊडनाडाटाच्या बाजूला मैलोगणती तांबडे, गुळगुळीत झालेले दगड पसरलेले आहेत, पण फुटलेल्या दगडाची धार टायरची कड सरळ चिरते.

डिझेलचा हिशेब सोपा असतो, फक्त तो घरी बसून करायचा. मारी ते विल्यम क्रीक सुमारे 205 किलोमीटर, तिथून ऊडनाडाटा 200, तिथून मार्ला 210. लादलेली फोर-व्हील गाडी अशा रस्त्यावर शंभर किलोमीटरला 15 लिटर पिते असं मी धरते. आमची टाकी 90 लिटरची, म्हणजे 600 किलोमीटर. कागदावर जवळजवळ सगळा ट्रॅक निघतो. पण मी असं धरून चालते की एक पंप बंद असेल किंवा त्याचं डिझेल संपलेलं असेल, आणि वाटेत एकदा मागे फिरावं लागेल. म्हणून प्रत्येक पंपावर टाकी भरायची, आणि निघायच्या आधी तिथे फोन करून विचारायचं. हायवेवरही हे विसरून चालत नाही. ग्लेंडॅम्बोपासून कूबर पीडीपर्यंत अडीचशे किलोमीटर मधे काहीही नाही.

पिण्याचं पाणी माणशी दिवसाला निदान सहा लिटर, आणि त्यावर तीन दिवसांचं जास्तीचं. ते एकाच मोठ्या टाकीत भरायचं नाही, वेगवेगळ्या कॅनमध्ये ठेवायचं, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो. वहिनी म्हणाली, "एवढं पाणी न्यायचं तर सामान कुठं ठेवायचं?" मी म्हटलं, "सामान इथं माझ्याकडं ठेवा, वहिनी."

महिना फार महत्त्वाचा. ऊडनाडाटात 2 जानेवारी 1960 ला 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं. ऑस्ट्रेलियात मोजल्या गेलेल्या सर्वांत तप्त दिवसांपैकी तो एक. मे ते सप्टेंबर हा या वाटेचा काळ. दिवसा छान ऊन, रात्री पारा शून्याखालीसुद्धा जातो, तेव्हा गोधड्या हव्यात. डिसेंबर-जानेवारीत सुट्टी काढून येणाऱ्यांना मी ट्रॅकचं नावसुद्धा घेऊ देत नाही.

1963 च्या डिसेंबरात बर्ड्सव्हिल ट्रॅकवर पाच जणांचं एक कुटुंब वाट चुकलं. पेट्रोल संपलं, ते गाडी सोडून चालायला लागले आणि पाचही जण तहानेने गेले. इथल्या लोकांना ही हकिकत अजून माहीत आहे. तेव्हापासून आजवर सांगण्याची गोष्ट एकच आहे: गाडी बंद पडली तर गाडीजवळच राहायचं. विमानातून गाडी दिसते, माणूस दिसत नाही. गाडीची सावली असते, तिच्यात पाणी असतं. मोबाइलला रेंज मिळेल हे गृहीत धरायचं नाही. आम्ही उपग्रह फोन नेतो, संकटात बटण दाबलं की ठिकाण कळवणारं छोटं यंत्र नेतो, आणि गाडीतला रेडिओ चालू ठेवतो. तीन-चार डब्यांचा ट्रक, म्हणजे रोड ट्रेन, समोरून येत असेल तर त्याचा चालक त्याच रेडिओवर सांगतो. तो धुरळा उडवत येताना दिसला की कडेला थांबून त्याला जाऊ द्यायचं.

आजारी पडलं तर काय, हे दादाने विचारलंच. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिसचा एक तळ आमच्या पोर्ट ऑगस्टातच आहे. जॉन फ्लिन हा पाद्री 1911 मध्ये मारीच्या अलीकडच्या बेल्टाना गावात मिशनच्या कामाला आला, तेव्हा आजाऱ्याला डॉक्टरपर्यंत न्यायला किती दिवस लागतात ते त्याने पाहिलं. 1928 मध्ये त्याच्या प्रयत्नांतून क्लनकरीहून डॉक्टरला घेऊन पहिलं विमान उडालं. आज मोठमोठ्या कुरणांवर धावपट्ट्या आहेत आणि विमान येतं. मात्र ते येईपर्यंतचे तास आपल्याला काढायचे असतात, म्हणून रोजची औषधं दुप्पट दिवसांची घ्यायची, आणि मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर तो निवडीच्या वेळीच मोजायचा. वहिनीला मधुमेह आहे. इन्सुलिन थंड कशात ठेवायचं हे आमचं आताच ठरलं आहे.

एवढं सगळं ऐकून दादाला थेट वाळवंटच बघायचा उत्साह चढला. "मग ते सिम्पसन?" सिम्पसन वाळवंटात वाळूच्या एकामागे एक अशा अकराशेच्या आसपास समांतर टेकड्या आहेत, साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याला प्रत्येक टेकडी चढून उतरावी लागते. तेल शोधणाऱ्या फ्रेंच कंपनीने 1960 च्या दशकात पाडलेली फ्रेंच लाइन ही तिथली सर्वांत नावाजलेली वाट. टेकड्यांची पूर्वेची बाजू जास्त उभी, म्हणून पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणं सोपं. शेवटची मोठी टेकडी म्हणजे बर्ड्सव्हिलजवळची बिग रेड. पलीकडून येणारा दिसावा म्हणून गाडीवर उंच काठीला झेंडा लावावा लागतो. पाचशेहून जास्त किलोमीटर डिझेल नाही. 1 डिसेंबर ते 15 मार्च हा भाग बंदच असतो, आणि एरवीही परवाना लागतो. वांकांगुरू लोक वाळूतल्या विहिरींच्या आधाराने तिथे राहत होते, 1900 च्या सुमारास त्यांनी ते वाळवंट सोडलं. 1936 मध्ये टेड कोल्सनने ते उंटांवरून पार केलं, सोबत पीटर एन्स हा आदिवासी साथीदार होता. एकट्या गाडीने तिथे जाऊ नये. दादाला मी स्पष्ट नाही म्हटलं.

मारी मात्र त्याला दाखवायचंच आहे. उंटवाल्यांचं ते मोठं ठाणं होतं. बलुचिस्तान, अफगाणिस्तान, सिंध, पंजाब अशा भागांतून आलेल्या या माणसांना इथे सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले बरेचजण तेव्हाच्या हिंदुस्थानातले होते आणि उंट कराचीहून जहाजाने यायचे. तारेचे खांब, रेल्वेचं सामान, कुरणांवरचं पीठ आणि चहा त्यांनीच वाहिलं. रेल्वेच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी अशी गावाची वाटणी होती. ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक इथे होती, तिची प्रतिकृती गावात उभी आहे. बेजा दरवेश हा इथलाच नावाजलेला उंटवाला, 1896 च्या कॅल्व्हर्ट मोहिमेतला. 1939 मध्ये सेसिल मॅडिगनने सिम्पसन पार केलं तेव्हा त्याच्या उंटांची जबाबदारी बेजाच्या मुलावर होती. या रस्त्यांचा इतिहास सांगताना त्यांची नावं शेवटी येतात, याचं मला वाईट वाटतं.

आता निवड. भाड्याची गाडी असेल तर प्रश्नच मिटतो. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते, विमा चालत नाही. अशांनी हायवेने जावं, आणि त्यात कमीपणा मानू नये. कूबर पीडीला जमिनीखालच्या घरात एक रात्र राहावं. लहान मुलं असतील, दिवस मोजके असतील, तरी हायवेच. स्वतःची उंच गाडी, जूनसारखा महिना, जोडीला दुसरी गाडी आणि वाट पाहायला दोन मोकळे दिवस, इतकं जमत असेल तर मी ऊडनाडाटा सुचवते. त्या दोन मोकळ्या दिवसांशिवाय नाही. परतीचं विमान ठरलेलं असेल तर माणूस बंद रस्त्यावरसुद्धा गाडी घालायचा विचार करतो, हे मी पाहिलं आहे.

विल्यम क्रीकहून कूबर पीडीकडे सुमारे 165 किलोमीटरचा एक कच्चा रस्ता निघतो. पुढे पाऊस असेल किंवा गाडीने कुरकुर केली तर तिथून हायवेवर जाता येतं. मला हा ट्रॅक आवडण्याचं एक कारण हा फाटा आहे. वाट ठरवताना मी आधी मधेच बाहेर पडायची जागा शोधते. विल्यम क्रीकला मूठभर माणसं राहतात, भोवती अॅना क्रीक हे सातारा जिल्ह्याहून मोठं गुरांचं कुरण. इथूनच छोटी विमानं काटी थांडा-लेक एअर सरोवरावरून फिरवून आणतात. समुद्रसपाटीपासून 15 मीटर खाली असलेलं हे सरोवर बहुतेक वर्षं कोरडं असतं. डोनाल्ड कॅम्बेलने 1964 मध्ये त्याच्या मिठावर गाडीच्या वेगाचा विक्रम केला, पण आदल्या वर्षी पाऊस आल्यामुळे त्याला तिथून परतावं लागलं होतं. अरबाना लोकांसाठी ते पवित्र आहे, तेव्हा पात्रात उतरायचं नाही, काठावरून किंवा आकाशातून पाहायचं.

दादा-वहिनीसाठी ठरलं आहे ते असं. जुलै. आमची गाडी आणि आमच्या शेजाऱ्यांची गाडी, अशा दोन. जाताना ट्रॅकने, येताना हायवेने, कारण ताजी माणसं आणि ताजे टायर कच्च्या रस्त्याला हवेत. मारीच्या फलकावर ट्रॅक बंद दिसला तर एक दिवस तिथे थांबायचं, दुसऱ्या दिवशीही बंद असेल तर मागे फिरून हायवे धरायचा. ट्रॅकवर दादाने चालवायचं ते पहिल्या दिवशी फक्त दुपारपर्यंत, मी शेजारी बसलेली असताना. नवऱ्याला रजा नाही, तो घरी असेल. त्याच्याकडे आमच्या मुक्कामांची यादी, दोन्ही गाड्यांचे नंबर आणि रंग लिहिलेला कागद राहील. रोज संध्याकाळी सहाला उपग्रह फोनवरून त्याला कळवायचं. सहाचे आठ झाले तर त्याने पुढच्या मुक्कामाच्या हॉटेलला विचारायचं, आणि आम्ही तिथे पोचलेलो नसलो तर लगेच पोलिसांना कळवायचं, सकाळपर्यंत थांबायचं नाही.